किरणोत्सारी जड धातू शरीरात गेले तर उपचार काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लुटोनियम, अमेरिसियम, युरेनियम, पोलोनियम असलं काही श्वासातून, जखमेतून किंवा पोटातून आत गेलं तर डॉक्टर नक्की काय करतात, ह्यावर नर्सिंगची मुलं, इंटर्न, प्लांटमध्ये कामाला असणाऱ्यांच्या घरची माणसं, सगळ्यांचे फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केलेत. डोस लिहिलेत ते समजावं म्हणून, स्वतःवर वापरायला नाहीत.

१. अंतर्गत दूषण म्हणजे काय? एक्स-रे काढला तरी किरणं अंगातून जातातच की, मग फरक काय?

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये किरणं आरपार जातात, मशीन बंद झालं की विषय संपला, अंगात काही उरत नाही. अंतर्गत दूषणात किरणं सोडणारा पदार्थच आत जाऊन बसतो, धूळ म्हणून, द्रावण म्हणून, कधी जखमेत रुतलेला बारीक कण म्हणून, आणि तो जोवर आत आहे तोवर आजूबाजूच्या पेशींना किरणांचा डोस देत राहतो, तुम्ही झोपलात तरी. म्हणून इथे उपचार म्हणजे तो पदार्थ बाहेर काढणं. त्याची किरणं बंद पाडणारं औषध जगात कुठेच नाही.

उलट ज्याला फक्त बाहेरून डोस लागलाय त्याला खालची औषधं देऊन काही होत नाही, कारण काढायला आत काही नसतंच. दिल्लीत मायापुरीला २०१० मध्ये भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे जे झालं ते मुख्यतः असं बाहेरून लागलेलं होतं.

२. अल्फा किरणं साध्या कागदाने अडतात असं शाळेत शिकलो, मग प्लुटोनियमची एवढी भीती का?

प्लुटोनियम मुख्यतः अल्फाच सोडतं, आणि ती कागदाने अडतात हे खरंय, आपल्या कातडीचा वरचा मेलेला थरसुद्धा त्यांना अडवतो. पण फुफ्फुसाच्या आत किंवा हाडाच्या पृष्ठभागावर असा मेलेला थर नाहीये, तिथे थेट जिवंत पेशी आहेत. अल्फा कण शरीरात फार तर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकं अंतर जातो आणि सगळी ऊर्जा तेवढ्यातच ओततो, म्हणून तिथल्या थोड्या पेशींचं नुकसान जास्त होतं.

अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, प्लुटोनियम-२३९ चं सुमारे २४,१०० वर्षं, अमेरिसियम-२४१ चं ४३२ वर्षं, हे आकडे वाचून लोकं घाबरतात. पण पेशंटच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं काय तर शरीर तो धातू किती वर्षं धरून ठेवतं. प्लुटोनियमच्या बाबतीत हिशोबाला यकृतात साधारण २० वर्षं आणि हाडात ५० वर्षं धरतात, म्हणजे एवढ्या वर्षांनी तिथलं निम्मं कमी होतं. आपोआप निघून जाईल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही तो ह्यामुळे.

३. हे आत शिरतं कुठून आणि जाऊन बसतं कुठे?

वाटा तीन: नाक, तोंड, जखम. त्यात गिळलेल्या प्लुटोनियमची भीती सगळ्यात जास्त दिसते आणि खरं तर धोका तिथे सगळ्यात कमी आहे, आतड्यातून रक्तात जातं ते दहा हजारातले सुमारे ५ भाग, बाकीचं शौचावाटे बाहेर. श्वासातून गेलेलं आणि जखमेतून गेलेलं मात्र वेगळं प्रकरण आहे, त्यावर प्रश्न ११ आणि १२ बघा.

रक्तात आल्यावर प्रत्येक धातूची आपापली जागा ठरलेली. प्लुटोनियम आणि अमेरिसियम यकृतात आणि हाडात जातात. युरेनियम आधी किडनीला त्रास देतं, मग हाडात. रेडियमला हाड कॅल्शियम समजून घेतं, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या घड्याळाच्या कारखान्यात १९२० च्या आसपास ज्या मुली चमकणारे आकडे रंगवायच्या आणि ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठात धरायच्या त्यांच्या जबड्यांची जी अवस्था झाली ती ह्यामुळेच. पोलोनियम प्लीहा, किडनी, यकृत अशा मऊ अवयवांत पसरतं. सीझियम सगळ्या स्नायूंत.

४. ह्या सगळ्यावर चालेल असं एकच औषध आहे का?

नाही. आणि आधी डोक्यात बसायला हवं ते हेच, कारण चुकीचं औषध दिलं की वेळ जातो, आणि इथे वेळेपेक्षा मोठं काही नाही. पहिले तीन प्रश्न कायम हेच: कोणता धातू, कुठल्या वाटेने गेला, किती वेळ झाला.

प्लुटोनियम, अमेरिसियम, क्युरियमला डीटीपीए (प्रश्न ६). युरेनियमला सोडा बायकार्ब (प्रश्न १३). सीझियम आणि थॅलियमला प्रशियन ब्लू (प्रश्न १४). पोलोनियमला डायमरकॅप्रॉल, ज्याला बाल (बीएएल) म्हणतात (प्रश्न १५). रेडियमला पोटातच अडवायचा प्रयत्न करतात, सोडियम अल्जिनेट किंवा बेरियम सल्फेट देऊन, पण एकदा हाडात गेलं की हाताशी फारसं काही उरत नाही.

५. आयोडीनची गोळी घेतली तर? न्यूज चॅनलवर तर तीच दाखवतात.

पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त थायरॉइडला वाचवते, आणि तेही फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून. प्लुटोनियम, युरेनियम, सीझियम, ह्यातल्या एकावरही तिचा परिणाम शून्य. अणुभट्टीच्या अपघातात आयोडीन सुटतं म्हणून ती गोळी एवढी प्रसिद्ध झाली, पण ती किरणांवरचं औषध आहे असा समज पसरलाय तो काढून टाका, कारण गोळी घेतली म्हणजे झालं असं समजून लोकं तोंडावर रुमाल बांधायचं आणि घरात थांबायचं सोडतात.

६. डीटीपीए नक्की करतं काय? कॅल्शियमवालं आणि झिंकवालं असे दोन कशाला?

डीटीपीएचा रेणू धातूच्या अणूला चहूबाजूंनी धरतो, ती जोडी पाण्यात विरघळणारी असते आणि किडनीतून गाळून लघवीत जाते. नसेतून दिलेलं डीटीपीए २४ तासांत जवळजवळ सगळं बाहेर पडतं. पण ते पेशींच्या आत फारसं शिरत नाही, म्हणजे रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या पाण्यात जो धातू फिरतोय तेवढाच त्याला सापडतो. रक्त म्हणजे एसटी स्टँड समजा, धातू स्टँडवर उभा आहे तोवर त्याला पकडता येतं, एकदा यकृताच्या किंवा हाडाच्या गाडीत बसून तो निघाला की स्टँडवर कितीही पोलीस लावा.

औषधात डीटीपीए मोकळं नसतं, त्याच्या हातात आधीच कॅल्शियम किंवा झिंक दिलेलं असतं आणि प्लुटोनियम भेटलं की ते सोडून ते प्लुटोनियम धरतं. कॅल्शियमवालं हात पटकन सोडतं म्हणून पहिल्या २४ तासांत ते झिंकवाल्यापेक्षा साधारण दहापट प्रभावी आहे (हा आकडा प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलाय). पण ते सारखं दिलं तर शरीरातलं झिंक, मॅग्नेशियम, मँगनीजही घेऊन जातं. म्हणून नियम असा पडलाय की पहिला डोस कॅल्शियमवाला, दुसऱ्या दिवसापासून झिंकवाला, एक दिवस उलटल्यावर दोघांची ताकद जवळपास सारखीच असते. कॅल्शियमवालं हाताशी नसेल तर त्याची वाट न बघता झिंकवालं सुरू करतात, आणि उलटही.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, दोन्हींना ऑगस्ट २००४ मध्ये मान्यता दिली, पण अणुउद्योगातले डॉक्टर ते त्याआधी कित्येक वर्षं वापरत होतेच.

७. डोस किती आणि किती दिवस?

मोठ्या माणसाला १ ग्रॅम, दिवसातून एकदा, नसेतून. ३ ते ४ मिनिटांत सावकाश इंजेक्शन, नाहीतर १०० ते २५० मिली सलाइन, ५ टक्के डेक्स्ट्रोज किंवा रिंगर लॅक्टेटमध्ये घालून. १२ वर्षांखालच्या मुलांना किलोमागे १४ मिग्रॅ, पण १ ग्रॅमच्या वर नाही. फक्त श्वासातून गेलं असेल तर पहिल्या दिवशी मोठ्यांना नेब्युलायझरनेही देता येतं, तेवढंच पाणी किंवा सलाइन मिसळून, फक्त दमा असेल तर जपून, कारण अटॅक येऊ शकतो.

पाणी भरपूर प्यायला लावायचं आणि लघवी तुंबवू द्यायची नाही, ही साधी गोष्ट वॉर्डात विसरली जाते आणि मग जो धातू एवढ्या खटपटीने काढला तोच मूत्राशयात तासन्‌तास बसून राहतो.

किती दिवस ते आधी सांगता येत नाही, लघवीचे रिपोर्ट सांगतात. कुणाला एकच डोस पुरतो, कुणाला वर्षानुवर्षं लागतो (प्रश्न १०).

८. आत किती गेलंय ह्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं का?

डीटीपीएबाबत तज्ज्ञांचा कल पहिला डोस लगेच द्यावा असा आहे, फ्रान्समध्ये तर अशी पद्धतच आहे, आणि मलाही तेच पटतं. एका डोसचा त्रास नगण्य, आणि लघवीतलं प्लुटोनियम मोजायला दिवस लागतात, तोवर संधी गेलेली असते. पहिला डोस संशयावर द्यायचा, पुढचे आकड्यांवर. एकच अट, पहिला डोस द्यायच्या आधी जमलं तर रक्त आणि लघवीचा नमुना घेऊन ठेवायचा.

हे किती खरंय ते जपानच्या ओआराई इथल्या घटनेत दिसलं. ६ जून २०१७ ला तिथल्या संशोधन केंद्रात प्लुटोनियम ठेवलेला डबा उघडताना आतली प्लास्टिकची पिशवी फुटली आणि पाच कामगारांवर धूळ उडाली. एकाच्या छातीवर मोजलं तर २२,००० बेकरेल (सेकंदाला किती अणू फुटतात ते मोजायचं एकक) आलं आणि जगभर बातमी झाली की एवढं प्लुटोनियम त्याच्या फुफ्फुसात आहे. पाचही जणांना डीटीपीए दिलं. नंतर अंग नीट धुवून परत मोजलं तेव्हा कळलं की पहिल्या आकड्यातलं बरंचसं कातडीवर चिकटलेलं होतं, मशीनला आतलं-बाहेरचं कळत नाही. आत गेलं होतं, लघवीतही ते सापडलं, पण पहिल्या आकड्याच्या मानाने फारच कमी. म्हणजे आकडा चुकला तरी औषध देण्याचा निर्णय चुकला नाही.

९. मग नक्की किती गेलंय हे कसं शोधतात? साधा गायगर काउंटर चालत नाही का?

गायगर अंगावरचं, कपड्यावरचं पकडतो, आतली अल्फा किरणं कातडीबाहेर येतच नाहीत तर तो दाखवणार काय. सुरुवात होते नाकापासून, ओल्या स्वॅबने दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या पुसून, आणि शक्य तेवढ्या लवकर, तासाभरात नाक स्वतःला साफ करून टाकतं. एकाच नाकपुडीत सापडलं तर बोट लागलं असण्याची शक्यता जास्त, दोन्हीकडे सारखं सापडलं तर श्वासातून गेलं असं धरायचं.

मग २४ तासांची पूर्ण लघवी, काही दिवसांची शौच. शौच गोळा करायला पेशंट आणि स्टाफ दोघांनाही संकोच वाटतो, पण न विरघळणारं प्लुटोनियम ऑक्साइड छातीतून वर येऊन गिळलं जातं आणि ते तिथेच सापडतं, म्हणून टाळू नका. छातीवर किंवा पूर्ण शरीरावर मोजणारी यंत्रं असतात, ट्रॉम्बेला बीएआरसीत (भाभा अणु संशोधन केंद्र) पोलादी खोलीत बसवलेलं असं यंत्र आहे, पोलाद कशाला तर बाहेरची नैसर्गिक किरणं आत येऊ नयेत. अमेरिसियम त्यावर बऱ्यापैकी दिसतं कारण ते कातडीबाहेर येणारी थोडी गॅमा किरणं सोडतं, शुद्ध प्लुटोनियम दिसणं अवघड.

एक अडचण लक्षात ठेवा, डीटीपीए दिल्यावर लघवीतलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, त्यामुळे नेहमीच्या सूत्राने हिशोब केला तर भलताच मोठा डोस निघतो. नमुन्याच्या बाटलीवर औषध कधी दिलं ती वेळ लिहिलेली पाहिजेच.

१०. खूप जास्त आत गेलं तर माणूस वाचतो का?

हॅरोल्ड मॅक्लस्की वाचले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड इथे ३० ऑगस्ट १९७६ ला काचेच्या पेटीत अमेरिसियम वेगळं करायचं काम चालू असताना आतला स्तंभ (धातू वेगळा करायचं नळकांडं) फुटला, नायट्रिक अॅसिड, काचेचे तुकडे आणि अमेरिसियम-२४१ सगळं त्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर. वय ६४. एवढं अमेरिसियम आत गेलं की कामगाराला आयुष्यभरात मान्य असलेल्या मर्यादेच्या ५०० पट असं म्हटलं जातं.

डीटीपीए तातडीने सुरू झालं, आधी कॅल्शियमवालं, मग झिंकवालं, आणि पुढे वर्षानुवर्षं चालू राहिलं, एकूण ५८३ ग्रॅम. म्हणजे १ ग्रॅमचा एक डोस धरला तर विचार करा किती. महिनोन्‌महिने वेगळ्या इमारतीत ठेवलं होतं, रोज आंघोळ घालून कातडी घासायची, चेहऱ्यात रुतलेले काचेचे कण हळूहळू बाहेर येत राहिले. ते ११ वर्षं जगले, १९८७ मध्ये हृदयविकाराने गेले, जो त्यांना आधीपासून होता. शवविच्छेदनात कॅन्सरची खूण नव्हती. झिंकवालं इतकं वर्षानुवर्षं देऊनही गंभीर दुष्परिणाम झाले नाहीत, आणि लांब पल्ल्याच्या उपचाराचा विश्वास डॉक्टरांना मिळाला तो मोठ्या प्रमाणात ह्या एका माणसामुळे.

घरी परतल्यावर ओळखीची माणसं त्यांच्या जवळ यायला घाबरायची, हे वाचलं की फार वाईट वाटतं. जवळ जाण्याविषयी प्रश्न १८ बघा.

११. जखमेतून गेलं तर काय करतात?

जखम ही सगळ्यात फसवी वाट. ग्लोव्ह बॉक्समध्ये (बाहेरून हातमोज्यांत हात घालून काम करायची बंद पेटी) काम करताना सुई किंवा धातूची कपची बोटात घुसते, रक्त थेंबभर, आणि माणूस ते झटकून पुढे काम करतो. आत राहिलेला कण महिनोन्‌महिने थोडं थोडं रक्तात सोडत बसतो.

आधी सलाइनने भरपूर धुवायचं, काही ठिकाणी त्यात डीटीपीएही घालतात. मग बारीक टोकाच्या डिटेक्टरने जखमेवर मोजायचं, परत धुवायचं, परत मोजायचं. तरी आकडा उतरत नसेल तर सर्जन तेवढा मांसाचा तुकडा कापून काढतो, आणि कापण्याआधी डीटीपीए नसेतून चालू असलेलं बरं, कारण कापताना सुटलेलं रक्तात जातं. बोटाचं काम बिघडणार असेल तर किती कापायचं हा निर्णय सर्जन, रेडिएशनवाला आणि पेशंट तिघांनी बसून घ्यायचा असतो. जखम घासायची नाही, ब्लीच ओतायचं नाही.

१२. श्वासातून गेलं तर फुफ्फुस धुता येतं म्हणतात, खरंय का?

येतं, भूल देऊन सलाइनने एकेक फुफ्फुस धुतात, पण ते क्वचितच. भूल आणि धुणं ह्यांचा धोका आत्ताचा असतो आणि कॅन्सरची वाढलेली शक्यता वीस-तीस वर्षांनंतरची, म्हणून फुफ्फुसच निकामी होईल एवढा प्रचंड डोस असेल तरच.

प्लुटोनियम कुठल्या रूपात आहे ह्यावर इथे खूप अवलंबून आहे. नायट्रेट असेल तर पटकन विरघळून रक्तात येतं आणि डीटीपीएला सापडतं. जास्त तापमानात भाजलेलं ऑक्साइड असेल तर कण फुफ्फुसातल्या पेशींच्या आत बसून राहतात, डीटीपीए तिथे पोचत नाही, उपयोग कमी होतो. पेशंटच्या घरच्यांना हे आधीच सांगावं, नाहीतर इंजेक्शन चालू आहे म्हणजे सगळं निघतंय असं वाटत राहतं.

१३. युरेनियमला डीटीपीए का देत नाहीत? आणि आमच्या बोअरच्या पाण्यात युरेनियम निघालंय, आम्ही उपचार घ्यायचा का?

डीटीपीए युरेनियमला पुरेसं घट्ट धरत नाही, फायदा होत नाही आणि किडनीवर ओझं वाढायची भीती. नेप्च्युनियमचंही तसंच. युरेनियमला सोडियम बायकार्बोनेट देतात, त्याने लघवी अल्कलाइन होते, युरेनियम कार्बोनेटशी बांधलेलं राहतं आणि किडनीच्या नळ्यांत न चिकटता बाहेर पडतं. देताना पोटॅशियमवर लक्ष, ते खाली जातं. नैसर्गिक युरेनियममध्ये किरणांपेक्षा धातू म्हणून असलेलं विषारीपण किडनीला आधी मारतं, हे बऱ्याच जणांना नवीन असतं.

बोअरच्या पाण्याचं उत्तर वेगळं आहे. पंजाबात माळवा पट्ट्यात हा प्रश्न मोठा आहे, बाकीच्या राज्यांतही काही ठिकाणी निघतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, आपल्या एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) ६०. तिथे औषध नको, ते पाणी प्यायचं थांबवायचं, आरओ युरेनियम चांगलं काढतं, आणि किडनीची साधी तपासणी करून घ्यायची. बायकार्बोनेट हे एकदम मोठा डोस गेलेल्या अपघातासाठी आहे, खायचा सोडा रोज पाण्यात घालून पिऊ नका, बीपीवाल्यांना तर उगाच सोडियम वाढतं.

१४. प्रशियन ब्लू म्हणजे तोच निळा रंग का? भारतात मिळतं का?

रसायन तेच, पण रंगाच्या दुकानातलं खायचं नाही, त्यात काय काय मिसळलंय कुणाला माहीत. औषधाचं शुद्ध केलेलं, ५०० मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये येतं, मोठ्यांना ३ ग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे एका वेळी सहा कॅप्सूल, किमान ३० दिवस. ते आतड्यातून शरीरात शिरत नाही, सीझियम पित्तातून आतड्यात येतं आणि परत शोषलं जातं तिथे ते त्याला अडवतं. शौच निळी होते, बद्धकोष्ठता होते, पोटॅशियम कमी होऊ शकतं.

ह्याचा मोठा अनुभव ब्राझीलच्या गोयानियाचा. सप्टेंबर १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातून कॅन्सरच्या उपचाराचं मशीन भंगारात गेलं, फोडल्यावर अंधारात निळी चमकणारी पावडर निघाली आणि लोकांनी ती घरोघरी वाटली, अंगाला लावली. २४९ जण दूषित निघाले, चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती जिने ती पावडर लागलेल्या हातांनी खाल्लं होतं. ४६ जणांना प्रशियन ब्लू दिलं आणि मोठ्या माणसांत सीझियम निम्मं व्हायला जे साधारण ८० दिवस लागत होते ते २५-२६ वर आले.

थॅलियमलाही हेच औषध. भारतात डीआरडीओच्या दिल्लीतल्या इन्मास प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानावर बनलेल्या प्रशियन ब्लूला २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली, प्रू-डेकॉर्प नावाने. ते केमिस्टकडे मागायचं औषध नाही, साठा आणीबाणीसाठी ठेवायचा असतो.

१५. लंडनला पोलोनियम घालून मारलं त्या माणसाला औषध का देता आलं नाही?

अलेक्झांडर लिटविनेन्को, १ नोव्हेंबर २००६ ला आजारी पडले, २३ ला गेले. उलट्या, केस गळणं, पांढऱ्या पेशी खाली. आधी संशय थॅलियमचा होता. पोलोनियम-२१० जवळजवळ फक्त अल्फा सोडतं, त्यामुळे बाहेरून मोजून काही कळत नव्हतं (प्रश्न ९ मध्ये कारण आहे), आणि खरा पदार्थ कळला तो मृत्यूच्या अगदी तोंडावर. तोपर्यंत अस्थिमज्जा संपलेली होती.

लवकर कळलं तर बाल हे औषध देतात, खोल स्नायूत, फार दुखतं, आणि ते शेंगदाण्याच्या तेलात असतं म्हणून शेंगदाण्याची अॅलर्जी आधी विचारायची. पण एवढ्या प्रचंड डोसात त्यानेही ते वाचले असते असं मी म्हणणार नाही.

१६. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, किडनीचा पेशंट, ह्यांचं काय?

गरोदरपणात झिंकवाल्या डीटीपीएने सुरुवात करतात, कारण कॅल्शियमवालं झिंक ओढून नेतं आणि बाळाच्या वाढीला ते बाधतं. आईच्या शरीरात खूपच जास्त गेलं असेल तर पहिला एक डोस कॅल्शियमवाला द्यायचा का हे डॉक्टर ठरवतात, सोबत झिंकची गोळी देऊन. अंगावरचं दूध लगेच थांबवायचं, औषधामुळे नाही तर दुधातून धातू जाऊ शकतो म्हणून.

किडनी कमजोर असली तरी डोस कमी करत नाहीत. अगदीच बंद असेल तर डायलिसिस, आणि मग डायलिसिसचं बाहेर पडणारं पाणीसुद्धा किरणोत्सारी म्हणून धरायचं, हे टेक्निशियनला आधी सांगा. शरीरात लोह साठायचा आजार म्हणजे हिमोक्रोमॅटोसिस फार वाढलेला असेल तर खास जपायचं, अशा पेशंटमध्ये कॅल्शियमवाल्याच्या जास्त डोसांनंतर मृत्यू झाल्याची नोंद आहे.

१७. माझा किडनीचा डीटीपीए स्कॅन झालाय, तेच का हे? आणि चिलेशन सेंटरवाले, कोथिंबिरीचा ज्यूस वगैरेने निघतं का?

रेणू तोच. स्कॅनमध्ये त्याच्या हातात टेक्निशियम-९९एम दिलेलं असतं, किडनी ते किती वेगाने गाळते हे बघायला. टेक्निशियमचं अर्धायुष्य ६ तास, दोन दिवसांत विषय संपतो, त्यासाठी काढायचं औषध लागत नाही.

कोथिंबीर, स्पिरुलिना, चारकोल, कशानेही हाडातलं प्लुटोनियम निघत नाही. चिलेशन म्हणजे धातूला बांधून बाहेर काढणं, त्या सेंटरमध्ये ईडीटीए नावाचं तसलंच औषध चढवतात, त्यात डायसोडियम ईडीटीए चुकून दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊन हृदय थांबतं, परदेशात मुलं दगावलीत. अंगात किरणोत्सारी धातू आहे असा खरंच संशय असेल तर आधी लघवी तपासली जाते, ज्यूस दिला जात नाही.

१८. असा पेशंट कॅज्युअल्टीत आला तर हात लावायचा का?

लावायचा. श्वास, रक्तस्राव, हृदय आधी, दूषण नंतर. ही गोष्ट स्टाफला शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळा सांगते, कारण भीतीमुळे लोकं लांब उभी राहतात आणि पेशंट रक्तस्रावाने जातो. मास्क, दोन ग्लोव्ह, गाऊन पुरतात. कपडे कापून बाहेरून आत गुंडाळत काढले की बाहेरचं बहुतेक दूषण तिथेच जातं. कपडे पिशवीत बांधून, नाव-वेळ लिहून बाजूला ठेवायचे, फेकायचे नाहीत.

आत गेलेलं प्लुटोनियम जवळ बसणाऱ्याला काही करत नाही, बायकोने हात धरला, मुलाने मिठी मारली तर चालतं. लघवी, शौच, उलटी हाताळताना ग्लोव्ह घाला आणि हात धुवा.

१९. आम्ही तारापूरजवळ राहतो, डीटीपीए घरात ठेवावं का?

नको. ते इंजेक्शन आहे आणि कोणता धातू हे कळल्याशिवाय द्यायचं नाही. अणुभट्टीच्या अपघातात आसपासच्या लोकांना प्लुटोनियमपेक्षा आयोडीन आणि सीझियमची काळजी जास्त असते. प्लुटोनियम हाताळणारे म्हणजे पुनर्प्रक्रिया आणि इंधन बनवणाऱ्या विभागातले कर्मचारी, त्यांच्या तपासण्या नियमित होतात. काही घडलं तर दारं-खिडक्या बंद, रेडिओ-टीव्हीवरच्या सूचना, आणि एनडीआरएफच्या अशा कामासाठी तयार केलेल्या तुकड्या आहेत, महाराष्ट्रात पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे.

२०. डीटीपीएची गोळी का नाही बनवत?

ते आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. अमेरिकेत बर्कलेच्या प्रयोगशाळेतून पुढे आलेलं होपो नावाचं औषध आहे, कॅप्सूल, प्राण्यांत प्लुटोनियम, अमेरिसियम आणि डीटीपीएला न जुमानणारं युरेनियम आणि नेप्च्युनियमसुद्धा पकडतं. २०२३ मध्ये माणसांवर सुरक्षिततेची पहिली चाचणी सुरू झाली. शेकडो लोकांना एकाच वेळी द्यायचं असेल तर नस शोधत बसण्यापेक्षा कॅप्सूल केव्हाही सोपी, म्हणून ह्याच्याकडे माझं फार लक्ष आहे.

२१. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आत गेलं असेल तर आता औषध घेऊन उपयोग आहे का?

थोडा. यकृतातून आणि हाडातून रोज थोडं थोडं रक्तात परत येतं तेवढं डीटीपीए धरतं, लघवीतला आकडा इंजेक्शननंतर वाढलेला दिसतो, पण एकूण साठ्याच्या मानाने ते थोडंच असतं. थोरोट्रास्टसारखं असेल तर तेही नाही. १९३० ते ५० च्या दशकात एक्स-रे स्पष्ट दिसावा म्हणून थोरियम डायऑक्साइडचं हे द्रावण नसेत द्यायचे, त्याचे कण यकृत आणि प्लीहेतल्या पेशींनी गिळून आयुष्यभर ठेवले आणि वीस-तीस वर्षांनी यकृताचे कॅन्सर निघाले, कुठल्याच औषधाने ते कण हलले नाहीत.

त्यामुळे जुन्या प्रकरणात आधी एक-दोन झिंकवाले डोस देऊन लघवीत किती फरक पडतो ते बघतात. फरक चांगला असेल तर आठवड्यातून एक-दोनदा चालू ठेवायचं, नसेल तर सुया थांबवून यकृताची सोनोग्राफी आणि रक्त वेळच्या वेळी बघत राहायचं.